वगळलेले पाच उंदीर

शास्त्रज्ञ बाईंनी संमतीचा फॉर्म डॉक्टरच्या टेबलावर आपटला. काचेपलीकडे त्यांची आई व्हेंटिलेटरवर होती. न्यूमोनियाचा चौथा दिवस. औषधाची कुपी दहा पावलांवरच्या फ्रीजमध्ये, आणि डॉक्टर ती द्यायला तयार नव्हता.

हा डॉक्टर एकेकाळी त्यांचाच विद्यार्थी. आता तो त्यांना शिकवणार? बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पेशींच्या मधल्या जाळीला सगळे नुसतं भरताड समजत होते, तेव्हा बाईंनी चौदा वर्षं हाडाची काडं करून दाखवून दिलं होतं, की फुप्फुसात जंतू शिरले की त्या जाळीतलं एक प्रथिन पांढऱ्या पेशींना हाका मारून बोलावतं. तेच प्रथिन आता कुपीत भरलं होतं. उंदीर बरे झाले होते, माणसांवर चाचणी सुरू झाली होती. हे सगळं त्यांनी त्याला ऐकवलं. जुना डूख धरून बसलास, असंही सुनावलं. आईला काही झालं तर तुझी डॉक्टरकी संपली, हेही.

त्यानं सांगितलं, की सकाळपासून जंतू आजींच्या रक्तात उतरलेत. आता हे प्रथिन दिलं तर पांढऱ्या पेशी अंगभर पिसाळतील. मूत्रपिंड, यकृत, काहीच सोडणार नाहीत.

"कुणी सांगितलं तुला हे?"

"पाच उंदरांनी. रक्तात जंतू गेलेले तेवढेच होते. औषध दिलं आणि दुसऱ्या दिवशी पाचही मेले."

"असं कुठंही छापलेलं नाही."

"छापून येणार कसं, मॅडम? सुई चुकली म्हणून तुम्ही ते वगळलेत. सुई मीच टोचली होती. चुकली नव्हती, म्हणालो, तर मलाही वगळलंत. चाचणी सुरू होताना दोन पत्रं लिहिली. तुम्ही उत्तर दिलं नाहीत."

पत्रं आली होती. पाकिटावरचं अक्षर ओळखून त्यांनी ती न फोडताच टाकून दिली होती.

त्यांनी फॉर्म उचलला, फाडला. मग टेबलावरचा फोन ओढला. चाचणीत तेच औषध आणखी सहा रुग्णालयांत दिलं जात होतं, आणि तिथं अडून बसायला असा कुणी नव्हता.