पार्किंगमधला मुलगा

अराक्सीबाईंनी काचेवर टकटक केली तसा गाडीतला मुलगा दचकला आणि हातातली कॉफी त्याच्या पँटवर सांडली.

“काच खाली कर,” बाई म्हणाल्या. “मी पोलीस नाही.”

काच खाली आली. आत पंचविशीतला एक पोरगा बसला होता. अंगात हुडी, मांडीवर फुगलेली सॅक, डोळे रात्रभर जागल्यासारखे.

बाई कॉलेजच्या विद्यार्थी-स्वास्थ्य केंद्रात होत्या. तिथले बाकीचे लोक खोलीत बसून विद्यार्थ्यांची वाट बघत. बाईंना ते पटत नसे. फ्रेस्नो शहरातल्या या कॉलेजला वसतिगृह नाही. कुणी रात्रपाळी संपवून येतो, कुणी पोरं शाळेत सोडून, पण येतात सगळे आपापल्या गाडीने. आणि शिक्षण सोडणारा कुणाला सांगून सोडत नाही. तो गाडी लावतो, थोडा वेळ आत बसून राहतो आणि तशीच मागे घेऊन घरी जातो. म्हणून बाई रोज सकाळी धुक्यातून पार्किंगमध्ये फेरी मारत. मागच्या सत्रात एक पोरगी त्यांच्या डोळ्यांदेखत अशी निघून गेली होती. बाईंनी तिला हात हलवून निरोपसुद्धा दिला होता. ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

“नाव काय बाळा?”

“एफ्राइन.”

“काही खाल्लंस?”

“भूक नाही, मॅडम.”

बाईंनी पिशवीतून घरचा चोरेग काढला. तिळाचा तो गोडसर पाव त्यांनी त्याच्या हातात कोंबला आणि दार उघडून सरळ शेजारी जाऊन बसल्या.

“आता सांग. कुठला तास?”

“बीजगणित.”

“अरे देवा! अर्धं कॉलेज त्याच खड्ड्यात पडतं. बुडवलास किती वेळा?”

“गेले दोन्ही तास. परवा दारापर्यंत गेलो होतो. आतून आवाज आले आणि पाय आपोआप मागे फिरले.”

“वरचं कुणी काही बोललं?”

“डीनसाहेबांनी बोलावून घेतलं होतं,” तो पावाचा तुकडा मोडत म्हणाला. “आजही वर्गात गेला नाहीस तर तुझी जागा दुसऱ्याला, म्हणाले.”

“घरी माहीत आहे?”

“आईला? ती द्राक्षांच्या शेडमध्ये काम करते. माझा एफ्राइन कॉलेजात जातो म्हणून तिने अख्ख्या शेडला सांगून ठेवलंय. तिला कुठल्या तोंडाने सांगू? भाऊ म्हणतो, ये गपचूप टायरच्या दुकानात.”

हा जर आज गेला, तर तो परत येणार नाही, हे बाईंना लख्ख दिसत होतं.

“नेमकं होतं काय तुला?”

“घरी सगळं येतं हो. आरशासमोर उभा राहून धडाधडा म्हणतो. पण वर्गात फळ्याकडे पाहिलं की डोकं रिकामं. पहिल्याच दिवशी एक प्रश्न आला. मला उत्तर सुचेना. सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले.”

“असतात काही मास्तर खडूस,” अराक्सीबाई फणकारल्या. “पहिल्याच दिवशी कुणी असं कोंडीत पकडतं का? बरं, ऐक. मागे लपायचं नाही, पुढे राहायचं. नाही आलं तर सरळ सांगायचं, मला येत नाही.”

“असं चालतं?” त्याने डोळे विस्फारले.

“न चालायला काय झालं? आणि मास्तरला कशाला घाबरायचं? मास्तरही माणूसच ना. तोसुद्धा आतून टरकलेलाच असतो.”

“हे मात्र अगदी खरं आहे,” तो इतक्या ठामपणे म्हणाला की बाईंना आपल्या बोलण्याचं कौतुक वाटलं.

“मग उतर खाली.”

“मॅडम, तुम्हाला एक सांगायचं होतं. मी खरं म्हणजे—”

“तास संपल्यावर सांग. आत्ता सबबी नकोत. माझं अर्धं आयुष्य सबबी ऐकण्यात गेलंय.”

त्यांनी त्याला बखोटीला धरून गाडीबाहेर काढलं. जिन्यात तो दोनदा थबकला. दोन्ही वेळा बाईंनी त्याला मागून ढकललं. दारापाशी त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

“नाही जमणार,” तो पुटपुटला.

“जमतं रे, राजा. मी आहे ना! तुझ्या मास्तरांशी मीच बोलते.”

“नको! ते तेवढं नको, मॅडम—”

पण बाईंनी दार उघडलंसुद्धा. आत नेहमीसारखी सरमिसळ होती. गणवेशातला पोस्टमन, मांडीवर तान्हं बाळ घेतलेली पोरगी, पिकल्या केसांच्या दोघी आजीबाई. सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. फळ्यापाशी कुणीच नव्हतं.

बाईंचा पारा चढला. इकडे लेकरू भीतीने अर्धमेलं झालंय आणि मास्तरांचा पत्ता नाही! एफ्राइनचं बखोट न सोडता त्यांनी वर्गालाच खडसावून विचारलं, “कुठे आहेत तुमचे सर?”

वर्गात कुजबुज झाली. मग बाळाला थोपटत ती पोरगी जपून म्हणाली, “हे काय बाई, तुम्ही धरलंय त्यांना.”