फार म्हणजे बाबा

"फार," फोनवरच्या धड्यातली बाई म्हणाली. नॉर्वेच्या भाषेत फार म्हणजे बाबा.

"बरोबर आहे तिचं," आरामखुर्चीतून शामकांत म्हणाले. "म्हातारा झाला की बाप फारच होतो."

मैत्रेयी हसली नाही. एरवी पोट धरून हसली असती. आभार मानायला तिकडे 'ताक' म्हणतात हे मघाशी कळलं, तेव्हा "मग पातळ मानायचे की घट्ट?" असं त्यांनी इतक्या गंभीरपणे विचारलं होतं की हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण हे 'फार' तिला लागलं.

रविवारची दुपार. सिंगापुरातल्या मरीन परेडच्या फ्लॅटची गॅलरी, पुढे समुद्र, आणि समुद्रात नांगर टाकून उभी राहिलेली जहाजं. उन्हाच्या धुरकटपणात आभाळ कुठं संपलं आणि पाणी कुठं सुरू झालं ते कळतच नव्हतं. जहाजं आपली मधल्यामध्ये तरंगत होती. शामकांतांचा सगळा जन्म बोटींच्या इंजिनात गेला. आता त्यांना बोटी अशा लांबून, निवांत पाहायला आवडायच्या. पाहता पाहता त्यांची मान कलायची, ते झोपेत काहीतरी पुटपुटायचे, आणि मैत्रेयी उठून पंखा थोडा वाढवायची. आई गेल्यापासून दोघांचं हे असं चाललं होतं. छान चाललं होतं हो! आणि तिथंच तर घोडं अडलं होतं.

हार्बरफ्रंटच्या ज्या शिपिंग कंपनीत ती काम करायची, त्या कंपनीनं तिला नॉर्वेला, बर्गनच्या मुख्य कचेरीत बोलावलं होतं. याच जागेसाठी तर तिनं हाडाची काडं केली होती. पण तिथं बाबांना सोबत नेता येत नव्हतं. त्यांचा सिंगापूरला राहण्याचा पासही तिच्या नोकरीच्या पासवर टिकलेला. ती गेली की त्यांनी नाशिकला, तिच्या भावाकडे, सुबोधकडे राहायचं. सुबोध चांगला होता. त्याची बायकोही गुणाची होती. पण शेवटी तिथं मैत्रेयी नव्हती ना! कंपनीला उत्तर उद्यापर्यंत द्यायचं होतं आणि बापलेकींनी अजून या विषयावर ब्र काढला नव्हता. ती भाषेचे धडे ऐकायची, ते शेजारी बसून टिंगल करायचे, बस्स. बाबा स्वतःच्या तोंडानं म्हणाले तरच जायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. विचारायची मात्र छाती होत नव्हती.

फोनच्या पडद्यावर पुढचा शब्द उमटला. इंग्रजी जे, त्यापुढे ए. खाली अर्थ: होय. शामकांत चष्मा सावरत पुढे वाकले.

"जा," त्यांनी वाचलं. अगदी स्वच्छ.

मैत्रेयीनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या घरात निघणाऱ्या माणसाला हा शब्द कुणी कधी म्हटलाच नव्हता. बाबा बोटीवर निघाले की आई दारात उभी राहायची. "जातो" म्हणू द्यायची नाही. "येतो म्हणा," असं बजावायची, आणि त्यांनी तसं म्हटल्यावरच म्हणायची, "या." मग ते परत आले की घरात बोटीचं नाव काढायचं नाही, हा तिचा दंडक. कुठली बोट, कुणाची बोट, पोरांना काही पत्ता नसायचा.

"या," फोनमधल्या बाईनं उच्चार करून दाखवला.

"असं होय? लिहायचं जा आणि म्हणायचं या! कमाल आहे बुवा या लोकांची." शामकांत मागे रेलले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

म्हणजे चुकूनच! क्षणभर मैत्रेयीला किती हलकं वाटलं होतं. डोंगरातून उतरलेलं धुकं, लाकडी घरं, थंडगार धक्का, सगळं तिला समोर दिसलं होतं. आता तिला स्वतःचीच लाज वाटली. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून चुकून निसटलेल्या शब्दावर कुणी बापाला सोडून जातं का? नाही जायचं. तिनं लॅपटॉप मांडीवर ओढला आणि नकाराची मेल लिहायला घेतली. डोळे पुसत, भराभर.

फोनमधली बाई आपली बोलतच होती. "विल दू हा काफ्फे?" कॉफी घेणार का, एवढं मैत्रेयीला कळलं.

"या, ताक. स्वार्त," शामकांत झोपेतच म्हणाले.

मैत्रेयीची बोटं थांबली. स्वार्त? स्वार्त म्हणजे काळी, बिनदुधाची. ऑफिसातले नॉर्वेचे साहेब रोज तशीच मागायचे, म्हणून तिला ठाऊक. धड्यात तर हा शब्द अजून आलाच नव्हता. आणि बाबांचा तो सूर! थेट साहेबांचा.

"बाबा!"

त्यांनी डोळे उघडले. आपण बोटीवर आहोत की गॅलरीत, हे समजायला त्यांना जरा वेळ लागला.

"तुम्हाला येते ही भाषा?"

शामकांत ओशाळले. "थोडीफार. त्यांच्याच बोटींवर होतो की गं मी कितीतरी वर्षं."

"म्हणजे तो शब्द कसा म्हणतात ते तुम्हाला माहीत होतं?"

"दिवसातून शंभरदा म्हणायचो."

"मग मघाशी 'जा' का म्हणालात?"

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"ते मी मराठीत म्हणालो होतो."