निळं पोर्ट, काळं पोर्ट

"निळ्यातच लावा, खाजाभाई. काळ्यात लावायचं न्हाई," काउंटरवर नवी हार्डडिस्क ठेवत अण्णाराव म्हणाले. डिस्क विकणाऱ्यानं त्यांना चांगलं पढवून पाठवलं होतं. यूएसबी तीनची डिस्क आहे, निळ्या पोर्टात घातली तरच पळेल.

"काळ्यात लावलं तरी चालतं, अप्पा," त्यांची लेक दामिनी हळूच म्हणाली.

"चालतं की," खाजाभाई म्हणाले. "पन बैलगाडीवानी चालतं."

"मग बैलगाडी कशाला?" अण्णारावांनी विचारलं.

खाजाभाईंनी एकदा दामिनीकडं पाहिलं आणि डिस्क निळ्यात लावली.

लातूरच्या ट्यूशन एरियातलं खाजाभाईंचं हे कॉम्प्युटरचं दुकान. क्लासच्या लेक्चरांचे आठवडाभराचे व्हिडिओ दर रविवारी इथून डिस्कमध्ये भरून मिळत. दामिनीच्या होस्टेलचा कायदा कडक होता. कॉपी चालू आहे तोवर पोरीनं बाहेर राहायचं, कॉपी संपली की फाटकाच्या आत. आईबापांच्या भेटीला वेगळा वार नव्हता. म्हणून अण्णाराव रेणापूरचं खत-बियाणांचं दुकान भावावर टाकून डबा घेऊन यायचे आणि लेकीशेजारी इथल्या बाकड्यावर बसायचे. जुन्या डिस्कला भरायला अख्खी दुपार लागे. त्या दुपारी दामिनी आईच्या हातची भाकरी खाई, बापाच्या खांद्यावर डोकं टेकून डुलकी काढी आणि उठली की सरांच्या नकला करून दाखवी.

अण्णारावांना ते फार आवडायचं. आवडायचं म्हणूनच टोचायचं. पोरीची दुपार आपण खाऊन राहिलोय, असं वाटायचं. गेल्या दोन टेस्टमध्ये तिचे मार्क घसरले तेव्हा सरही तेच बोलले. रविवार वाया जातो म्हणाले.

आणि उशीर म्हटलं की अण्णारावांना राहवायचं नाही. भूकंपात त्यांचं गाव झोपेतच गाडलं गेलं होतं. आईवरचे दगड त्यांनी हातांनी उपसले. आई सापडली तेव्हा तिचं अंग कोमट होतं. जरा आधी हात पोचले असते तर, हा विचार त्यांना आजवर सोडत नव्हता. मग माणसाला घाईची खोडच लागली. लग्नाच्या पंगतीतही शेजारी वरणभात कालवत असे तोवर हे हात धुऊन मोकळे. अति घाई संकटात नेई, असं बायको टोमणा मारायची. ते हसून सोडून द्यायचे.

स्क्रीनवरची हिरवी पट्टी सरसर पुढं गेली. दामिनीनं डबा उघडून पहिलाच घास मोडला होता.

"झालं," खाजाभाई म्हणाले.

"झालं?" दामिनीचा घास हातातच राहिला.

अण्णारावांना तर आभाळ ठेंगणं झालं. "बघ! मागं किती ताटकळायचो! आता असं करू. फुडच्या रविवारपासून मी येत न्हाई, तू बी बाहेर पडू नको. होस्टेलच्या मावशी डिस्क आणतील, भरून नेतील. तुझी सगळी दुपार वाचली, बाळ."

दामिनीनं घास परत डब्यात ठेवला. झाकण लावलं.

"हाव, अप्पा," ती म्हणाली. त्यांच्या पाया पडली, डिस्क उचलली आणि रस्ता ओलांडून गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. शहाणी पोर, एक मिनिट वाया घालवत नाही, असं म्हणून अण्णारावांची छाती भरून आली.

"अण्णा, एक बात सांगू?" खाजाभाई खाली बघत म्हणाले. "ती जुनी डिस्क बी तीनचीच होती."

"काय सांगता! मग ती का रखडायची?"

"मी काळ्यात लावायचो म्हणून. पोरगीच म्हणायची, चाचा, काळ्यात लावा, अप्पांना सांगू नका. मी म्हणलं, बेटा, तुझी दुपार जाईल. तर म्हणली, चाचा, ह्या एका दुपारीवर माझा आठवडा निघतो."

अण्णाराव ताडकन उठले. मग चप्पल पायात सरकवायचंही भान न राहता रस्त्यावर धावले. होस्टेलच्या फाटकाला कुलूप लागलं होतं. गज धरून ते आत बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपल्याला कसलीही घाई नाही. संध्याकाळ झाली तरी पोरीजवळ बसायचं. मार्क गेले खड्ड्यात. घरी यायचं का, एवढंच तिला विचारायचं.

"एक लेक्चर भरायचं राहिलं," वॉचमनशी ते धडधडीत खोटं बोलले. "दामिनीला डिस्क घेऊन खाली पाठवा. पुन्हा कॉपी करावी लागती."

वॉचमननं वर निरोप धाडला. जिन्यात पावलं वाजली. अण्णारावांनी उपरण्यानं घाईघाईनं डोळे पुसले.

खाली आली ती दुसरीच मुलगी, दामिनीच्या खोलीतली उजमा. तिनं गजांतून डिस्क पुढं केली.

"आन दामिनी?"

उजमा जरा घुटमळली. "ती येत न्हाई, काका. म्हणली, अप्पांना सांग, आता खाली आले तर पुन्हा वर चढणं व्हायचं न्हाई माझ्यानं."