पखालीला इंजेक्शन

“जेवलात का?” डॉक्टर मैत्रींनी विचारलं, आणि अर्जुनरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

किडन्या कस्तुराबाईंच्या गेलेल्या. दोन वर्षं डायलिसिस त्यांचं. आणि दर वेळी ही बाई आधी नवऱ्याला विचारणार, जेवलात का. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं अर्जुनराव एकदा रिक्षात बोलूनही गेले होते. म्हैस कोण, एवढंच विचारून कस्तुराबाई रहाटणीतलं घर येईपर्यंत रस्त्याकडे बघत बसल्या.

“जेवलो,” ते नेहमीसारखं म्हणाले. सकाळपासून दोन चहा झाले होते, ते त्यांनी जेवणातच धरले.

अर्जुनराव भोसरीच्या एका वर्कशॉपात इन्स्पेक्शनला. केसाएवढा फरक दिसला तरी बनवलेला भाग बाद, अशी ख्याती. दोन वर्षांत स्वतःच्या पट्ट्याला तीन नवी भोकं पाडली, ती का पाडावी लागली हे मात्र त्यांनी कधी तपासलं नाही. पहाटे उठून बायकोचं बिनमिठाचं रांधायचं, तिला भरवायचं, मग शिफ्ट गाठायची. स्वतःसाठी वेगळी भाजी टाकायला सवड कुणाला होती?

डॉक्टरीणबाईंना त्यांनी मनातून केव्हाच बाद केलं होतं. आता लेखी करायचं होतं. दवाखान्याला तक्रार अर्ज द्यायचा आणि बायकोला चिंचवडला मोठ्या ठिकाणी हलवायचं. कस्तुराबाई तेवढ्या अडून बसल्या होत्या. माझं ऐकून घेणारी ही एकच हाय, म्हणायच्या. बायकांना बायकांचं कौतुक, असं निदान अर्जुनरावांनी फी न घेता केलं.

अर्ज लिहून हातात होता, त्याला पुरावा हवा. कस्तुराबाई मशीनवर होत्या तोवर ते फाइल घेऊन खाली मेडिकलवाल्या सुजितकडे गेले. डॉक्टरांचं अक्षर एक तर देवाला कळतं, नाहीतर मेडिकलवाल्याला. बाईंचं लक्ष कुठं असतं ते वाचून दाखव, ते म्हणाले.

सुजितने चष्मा सारखा केला. “पेशंटची तक्रार, या रकान्यात लिहिलंय: मिस्टर जेवत नाहीत.” त्याने पान उलटलं. “मिस्टर जेवत नाहीत.” आणखी एक पान. “मिस्टर जेवलो म्हणून खोटं सांगतात.” मग त्याने बोट खाली सरकवलं. “काका, खाली उपायपण लिहिलाय. दर वेळी विचारणे.”

अर्जुनरावांनी फाइल परत घेतली. त्यांना लाज वाटली. अर्ज चार घड्या करून त्यांनी खिशात कोंबला.

वर डॉक्टर मशीनपाशी उभ्या होत्या. कस्तुराबाई डोळे मिटून पडल्या होत्या.

“डॉक्टर, मघाशी तुम्ही विचारलंत,” अर्जुनराव म्हणाले. “न्हाई जेवलो. तुमचे लई उपकार हायेत. खाली जाऊन जेवून येतो.”

कस्तुराबाईंनी डोळे उघडले नाहीत.

“मॅडम, लिहून घ्या,” त्या म्हणाल्या. “आज माझी काही तक्रार न्हाई.”