नऊ काळ्या सोंगट्या

“तू कच्ची, म्हणून नऊ सोंगट्या आधी मांडू देतोय, शरयू. पुढे मात्र दया नाही. ज्याची दया आली, तो आपल्या लेखी संपला समजायचं!” ‘गो’ हा सोंगट्या वेढून मारायचा पटावरचा खेळ शिकवताना अप्पा लेकीला सांगायचे.

आता कच्चे तेच होते. पोटावरचे टाके सांभाळत त्यांनी नऊ काळ्या मांडल्या होत्या. “गाठ साधीच होती,” असं शरयू त्यांना आठवडाभर सांगत आली होती.

कोपऱ्यातल्या त्यांच्या सोंगट्या चहूकडून वेढल्या गेल्या. आता तिनं आणखी एकच पांढरी ठेवायची, की सगळ्या मरणार होत्या. ती पांढरी तिनं तळहातावर बराच वेळ घोळवली आणि हळूच भलतीकडेच, कुणाला न बोचणाऱ्या जागी ठेवली.

अप्पांनी पटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“वीस वर्षांत असली खेळी केली नाहीस, बये.”

“चुकलं, अप्पा.”

“चुकलं नाही, दया केलीस. डॉक्टर काय म्हणाले?”

ठेवलेली सोंगटी परत उचलायची नसते. शरयूनं त्यांचा गार हात धरला.

“गाठ पसरलीय, अप्पा. दिवाळी दिसणार नाही, म्हणाले.”