शहाण्णव अंश

खोडरबर तिच्या मुठीत घामाने ओला झाला होता. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत चिटपाखरू नव्हतं. सरांच्या टेबलावर एकतीस प्रयोगवह्यांचा गठ्ठा होता आणि तिची वही सगळ्यांत खाली. शेवटच्या तासानंतर प्रगत विज्ञानवर्गाची यादी लागणार होती.

तिने वरच्या चार वह्या उघडून पाहिल्या. मग आणखी चार. उकळत्या पाण्याचं तापमान सगळीकडे शंभर अंश. तिने शहाण्णव लिहिलं होतं. तेही तीनदा मोजून, थर्मामीटर बदलून.

जोडीदार असता तर तेव्हाच विचारलं असतं, बघ रे, तुला किती दिसतंय. पण वर्गात मुलं एकतीस, आणि जोड्या ज्याच्या त्याने लावायच्या. दोन वर्षं पंधरा जोड्या लागत होत्या आणि ती उरत होती. वर्गाने तिचं नावच 'एकतिसावी' ठेवलं होतं. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, आणि तेच तिला जास्त लागायचं. सर म्हणायचे, "तू एकटीच कर. तुला कुठे कुणाची गरज आहे?" ती मान डोलवायची. घरी आई विचारायची, "आज कोण होतं गं बरोबर?" तेव्हा ती दर वेळी एक वेगळं नाव ठोकून द्यायची.

प्रगत वर्गात जागा बारा होत्या आणि तिथे जोड्या सर लावायचे. बारा म्हणजे सहा जोड्या. कुणी उरायचा प्रश्नच नाही. तिला डॉक्टर व्हायचं नव्हतं की शास्त्रज्ञ. आपण बर्नर पेटवत असताना समोरून परीक्षानळी धरणारं कुणीतरी असावं, एवढंच तिला हवं होतं. हे सांगणार कुणाला? सांगायला तरी कुणी हवं ना.

तिने गठ्ठ्याखालून वही ओढून काढली. निरीक्षणं पेन्सिलीने लिहायची हा सरांचाच नियम, त्यामुळे काम अर्ध्या मिनिटाचं होतं. तिने खोडरबर आकड्यावर टेकवला. तेवढ्यात दार उघडलं.

सर चहाचा कप घेऊन आत आले. त्यांनी आधी वहीकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे.

"खोडलंस?"

"अजून नाही, सर." खोटं बोलायचंही तिला सुचलं नाही. "माझं चुकलंय. सगळ्यांचं शंभर आलंय."

"आलेलं नाही. सगळ्यांनी लिहिलंय." सरांनी कप खाली ठेवला. "पुस्तकातलं शंभर समुद्रकाठचं. आपलं गाव किती उंचावर आहे, सांग बरं. इथे हवेचा दाब कमी, इथे पाणी शहाण्णवलाच उकळतं. आजवर मी गुण बघून मुलं घेत होतो. यंदा म्हटलं, डोळ्यांना दिसलं तेच लिहिणारी किती निघतात ते बघू."

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि तिच्यापुढे उलगडला. बारा ओळी आखलेल्या होत्या. पहिल्या ओळीवर तिचं नाव होतं. उरलेल्या अकरा कोऱ्या होत्या.

"एकीसाठीही वर्ग भरणार म्हणजे भरणार," सर म्हणाले. इतक्या खुशीत ती त्यांना पहिल्यांदाच पाहत होती. "वर्षभर सगळी टेबलं तुझी, सगळी उपकरणं तुझी. अगं, एकतीस जणांत एकटी निघालीस तू, एकटी."

ती प्रगत वर्गाच्या पलीकडच्या खोलीकडे पाहत राहिली. काचेतून सहा टेबलं दिसत होती, प्रत्येकाला दोन-दोन स्टुलं. खोडरबर अजून तिच्या मुठीतच होता.

"सर," तिने हळूच विचारलं, "आता खोडलं तर चालेल का?"