कोयनामाईची फुंकर

मुलानं जपानहून आणलेल्या रॉकेलच्या हीटरची वात, जमीन जरा हलली की आपोआप खाली जायची आणि ज्योत विझायची. कोयनेच्या खोऱ्यात जमीन सारखीच हलायची. "कोयनामाईनं फुंकर मारली बघा," असं हौसाबाई दरवेळी नवऱ्याला म्हणायच्या आणि ज्ञानदेव कुरकुरत पुन्हा काडी ओढायचे.

आज ज्ञानदेवांच्या हातात कपबशी खडखडली, चहा सांडला. "हलली," म्हणत त्यांनी सवयीनं काडेपेटी घेतली. पण हीटर संथ जळत होता.

"बिघडला वाटतं," ते म्हणाले.

हौसाबाईंनी हीटरला हलकासा धक्का दिला. तो लगेच विझला.

ज्ञानदेवांच्या वडिलांचं असंच कपबशीपासून सुरू झालं होतं. शेवटची काही वर्षं त्यांना घास भरवावा लागला, आणि भरवला तो हौसाबाईंनीच.

ज्ञानदेव काडी ओढायला गेले, पण ती पेटीला लागेना. हौसाबाईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि वात पेटवली.

"जमीनच हलली असंल," ज्योतीकडे बघत त्या म्हणाल्या. "परमुलखातल्या यंत्राला हितलं काय कळतंय?"